जुन्या पिकअपचे इंजिन : खोलण्याआधी ओळखा, बांधण्याआधी मोजा

नंदुरबार जिल्ह्याचा छोटा व्यापार पिकअपच्या चाकावर चालतो. शहादा-तळोदा पट्ट्यातील पपई, नंदुरबारच्या पथारींवर वाळणारी मिरची, धडगाव-मोलगीकडचे आमचूर आणि भगर, आठवडे बाजाराचा किराणा, लग्नाचे मंडप, विटा आणि सिमेंट हे सारे कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर पिकअपमध्ये चढतेच. एकीकडे देवगोई, चांदसैली आणि तोरणमाळचे घाट, तर दुसरीकडे तापीकाठचा उन्हाळा. या दोन्हींचा मार इंजिनावर बसतो. यातील बऱ्याच गाड्या वयस्कर आहेत. मालक आणि ड्रायव्हर एकच, आणि गाडी उभी राहिली की घरची चूलही थंडावते, अशी स्थिती अनेक घरांत आहे.

अशी गाडी धूर सोडू लागली, ऑइल खाऊ लागली, घाटात उचलेनाशी झाली की मालकाला दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, "विकून टाका, हप्त्यावर नवी घ्या." दुसरा म्हणतो, "इंजिन उतरवा, खोलून बघू." आमच्या मते हे दोन्ही सल्ले घाईचे आहेत. जुने इंजिन नीट बांधले तर ते पुढील काही वर्षे इमानाने चालते, याबद्दल आम्हाला शंका नाही. परंतु त्यासाठी तीन गोष्टी अगोदर व्हायला हव्यात. इंजिन नेमके कोणते ते ओळखले पाहिजे, झीज मोजली पाहिजे आणि हिशेब कागदावर उतरला पाहिजे. या तिन्ही गोष्टी आपल्याकडील गॅरेज धंद्यात कमी पडतात, म्हणूनच हा लेख.

अडीच हजारांचे कोणते?

कोणी म्हणेल, स्वतःच्या गाडीचे इंजिन ओळखायला काय लागते? बॉनेटवर नाव आहे, आरसी बुकात नंबर आहे. वास्तविक घोळ येथूनच सुरू होतो.

महिंद्राचेच उदाहरण घ्या. १९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने ही पेढी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथील पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली पेढीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. विलीज जीपच्या जुळणीपासून सुरुवात केलेल्या या कंपनीच्या गाड्यांत काळाच्या ओघात वेगवेगळ्या घराण्यांची इंजिने आली. आधी विलीजचे पेट्रोल इंजिन होते. मग इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीच्या ट्रॅक्टर इंजिनाच्या वंशातील डिझेल इंजिने आली. १९७९च्या परवाना करारानंतर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचे एक्सडीपी ४.९० हे इंजिनही त्यांत आले.

आता बाजारात 'अडीच हजारांचे इंजिन' म्हटले की दोन वेगळी इंजिने पुढे येतात. एक २५२३ सीसीचे आणि दुसरे प्यूजो घराण्यातील २४९८ सीसीचे. फरक अवघा २५ सीसीचा. परंतु एकाचा पिस्टन दुसऱ्यात बसत नाही, क्रँक बसत नाही, हेड पॅकिंगही बसत नाही. पहिले ट्रॅक्टरच्या जातीचे, लांब स्ट्रोकचे आहे. दुसऱ्याचा स्ट्रोक आखूड आहे. केवळ 'बोलेरोचे अडीच हजारांचे' एवढेच सांगून सुरतेहून माल मागवला, तर चुकीचा खोका येण्याची शक्यता निम्मी धरावी.

टाटाच्या गाड्यांतही हाच प्रकार आहे. १९८८ साली आलेल्या टाटामोबाईल पिकअपमध्ये १९४८ सीसीचे इंजिन होते. पुढे २०७ डीआयमध्ये २९५६ सीसीचे आले. लोक दोन्हींना सरसकट 'दोनशे सात' म्हणून मोकळे होतात. बजाज टेम्पोच्या मॅटेडोर आणि ट्रॅक्समध्ये मर्सिडीझच्या परवान्यावर बनलेले सुमारे २.४ लिटरचे इंजिन येई. याच कंपनीचे नाव २००५ पासून फोर्स मोटर्स आहे. ऐंशीच्या दशकात जपानी सहकार्याने डीसीएम टोयोटा, ऑल्विन निसान, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी अशा हलक्या ट्रक आल्या. त्यांपैकी पहिल्या दोन नावांच्या गाड्या बाजारातून कधीच गेल्या. अशी एखादी गाडी अजून कोणाकडे असेल, तर सुटे भाग कोठून मिळतील हा प्रश्न खर्चाच्या आधी विचारावा.

याहून मोठा घोळ मालकांनीच केलेला असतो. पेट्रोल महागले म्हणून डिझेल बसवले, एक इंजिन बसले म्हणून मोडीतून दुसरे आणले, ट्रॅक्टरचे जुळले म्हणून तेच टाकले, असे प्रकार जुन्या जीपगाड्यांत सर्रास झाले. तीन-चार मालक बदललेल्या गाडीत बॉनेटवरचे नाव एक आणि आतला ऐवज दुसरा असू शकतो.

ओळखीच्या खुणा

म्हणून आमचा आग्रह असा की, पाना हातात घेण्यापूर्वी वही हातात घ्यावी. ब्लॉकवर ठोकलेला इंजिन नंबर ग्रीस आणि माती खरडून वाचावा आणि आरसी बुकाशी ताडून पाहावा. नंबर ज्या जागी असतो तेथे घासल्याच्या, वेल्डिंगच्या किंवा पुन्हा ठोकल्याच्या खुणा दिसल्या तर तेथेच थांबावे. ब्लॉक आणि हेड यांवर ओतकामातच उमटलेले आकडे असतात, तेही उतरवावे. डिझेल पंपाच्या पट्टीवरील क्रमांक लिहून घ्यावा. जुन्या पंपांवर 'मायको' हे नाव आढळेल. तीच कंपनी २००८ पासून बॉश या नावाने चालते. मात्र पंप एका इंजिनावरून दुसऱ्यावर गेलेला असू शकतो, म्हणून एकट्या पंपावर विश्वास टाकू नये.

नंतर रचना पाहावी. हीटर प्लग आहेत का? असतील तर बहुधा डिझेल आधी वेगळ्या छोट्या कप्प्यात पेटणारे जुन्या पद्धतीचे इंजिन आहे. नसतील तर थेट पिस्टनवर फवारा मारणारे डीआय इंजिन असण्याची शक्यता अधिक. कॅमशाफ्ट वर हेडमध्ये आहे की खाली ब्लॉकमध्ये? मर्सिडीझ वंशाच्या त्या इंजिनात कॅम वर असतो आणि साखळीने फिरतो. महिंद्राच्या २५२३ मध्ये तो खाली असतो आणि पुशरॉडने वॉल्व्ह उघडतो. एवढ्या दोन प्रश्नांतच अर्धा गोंधळ मिटतो.

नावाच्या आकड्यांतही अर्थ असतो. टाटाचे ४९७ म्हणजे ४ सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर. ४८३ म्हणजे ४ सिलिंडर, ८३ मिलिमीटर. मोठ्या ट्रकचे ६९७ म्हणजे ६ सिलिंडर, बोअर तोच ९७. प्यूजोच्या ४.९० चा अर्थही तसाच, ४ सिलिंडर आणि ९० मिलिमीटर.

हेड उतरल्यावर मात्र पक्की ओळख पटते, ती बोअर आणि स्ट्रोक यांच्या मापाने. हिशेब सोपा आहे. बोअर सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, त्यास ०.७८५४ ने गुणा, मग स्ट्रोकने गुणा आणि शेवटी सिलिंडरच्या संख्येने गुणा. महिंद्राच्या इंजिनाचा बोअर ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर. हे आकडे विचित्र वाटतात, परंतु इंचात पाहिले तर ते साडेतीन आणि चार आहेत. जुन्या इंचाच्या कारखान्याचा तो वारसा. गुणाकार केला की २५२३ येतात. प्यूजोचे ९० आणि ८३ घेतले की २११२ येतात. ९४ आणि ९० घेतले की २४९८.

येथे एक बारकी गोष्ट लक्षात ठेवावी. बोअर फसवतो, स्ट्रोक फसवत नाही. इंजिन पूर्वी एकदा-दोनदा बोअर झालेले असेल तर सिलिंडरचे माप मूळ मापापेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर मोठे भरते आणि मिस्त्री चकतो. स्ट्रोक क्रँकच्या घडणीतच ठरलेला असतो, बोअरिंगने तो बदलत नाही. पिस्टन अगदी वर आणि अगदी खाली नेऊन डेप्थ गेजने फरक मोजला की १०१.६ आहे, ९० आहे की ८३ आहे, ते दोन मिनिटांत कळते.

अंदाज नव्हे, माप

ओळख पटली म्हणजे लगेच इंजिन खोलावे असे नाही. काळा धूर पुष्कळदा नोझल, पंप किंवा तुंबलेल्या एअर फिल्टरचा असतो. निळा धूर ऑइल जळते हे सांगतो, पण ते रिंगमधून येते की वॉल्व्हच्या गाइडमधून, हे सांगत नाही. पांढरा धूर कच्च्या डिझेलचा असेल किंवा पाण्याचा. घाटात गाडी तापते याचे कारण इंजिनाऐवजी चोंदलेला रेडिएटरही असू शकते. आधी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेजने मोजावे आणि चारही आकडे लिहावेत. एकच सिलिंडर कमी पडत असेल तर रोग वेगळा, चारही सारखेच उतरले असतील तर रोग वेगळा. हेडच्या कामात भागत असेल तेथे पूर्ण इंजिन खोलणे म्हणजे मालकाचा खिसा विनाकारण रिकामा करणे होय.

खोलावेच लागले तर सिलिंडर वर, मध्ये आणि खाली असा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा असा दोन दिशांनी मोजावा. झीज सर्वांत जास्त वरच्या बाजूला, पहिली रिंग जेथे वळते तेथे होते. वर-खालच्या मापातील फरक म्हणजे उतार, आडव्या-उभ्यातील फरक म्हणजे अंडाकृती. या दोन आकड्यांवरून नुसत्या रिंगा चालतील की बोअर करावे लागेल किंवा लायनर बदलावे लागतील, हे ठरते. बोट फिरवून "खड्डा लागतोय" असे सांगणे ही उस्तादाच्या अनुभवाची खूण असेल, पण तो निर्णयाचा आधार होऊ शकत नाही.

क्रँकचे तसेच आहे. जर्नल मायक्रोमीटरने मोजावेत. सामान्यतः ०.२५ मिलिमीटरच्या पायऱ्यांनी क्रँक घासतात आणि त्याच पायरीचे बेअरिंग टाकतात. एक जर्नल खराब असला तरी त्या जातीचे सर्व जर्नल एकाच मापात घ्यावेत. शेवटच्या पायरीवर आलेला क्रँक पुन्हा घासण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. तो घाटात मोडला तर नुकसान केवळ क्रँकचे होत नाही. ब्लॉकचे ऑइलचे मार्ग तारेने आणि दाबाच्या हवेने साफ करावेत. नव्या बेअरिंगचा पहिला शत्रू तेथे अडकलेला कचरा असतो. नव्या रिंगेची फट पिस्टनवर चढवण्यापूर्वी सिलिंडरमध्ये सरळ बसवून फिलर गेजने पाहावी. ८८.९ च्या बोअरला ती साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर असावी. कंपनीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण. हेडचे बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क पान्यानेच आवळावेत.

इंजिन बांधून झाल्यावर मालकाचीही जबाबदारी असते. पहिल्याच दिवशी टन-दीड टन माल भरून चांदसैली चढवणे म्हणजे नव्या रिंगांवर जुलूम आहे. तसेच गाडी तासन् तास उभ्याने चालू ठेवणेही बरे नाही, त्याने रिंगा बसत नाहीत. सुरुवातीस हलका-मध्यम भार, बदलता वेग आणि ऑइल-फिल्टर लवकर बदलणे, एवढे पथ्य पाळावे.

कागद पक्का हवा

मोडीतले इंजिन स्वस्त मिळते म्हणून बसवण्याचा मोह अनेकांना होतो. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. इंजिन बदलले तर नवा नंबर आरटीओत नोंदवून घ्यावा लागतो. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला. म्हणून जुन्या गाड्यांवर धुळ्याचा एमएच-१८ आणि नंतरच्यांवर आपला एमएच-३९ दिसतो. जुन्या गाडीचे कागद कोणत्या कार्यालयात आहेत, हे काम सुरू करण्यापूर्वीच पाहावे. नंबर जुळत नसेल तर फिटनेस अडतो आणि अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडचणीत येतो. आणि ते इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले तर? चोरीचा माल जाणूनबुजून घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. "मला माहीत नव्हते" हे शाबित करायला विक्रेत्याची पावती लागते. म्हणून पावतीशिवाय ब्लॉक घेऊ नये आणि मिस्त्रीने तो बसवूही नये. आपली रोजी हलाल असावी असे म्हणणाऱ्याने एवढी खबरदारी घेतलीच पाहिजे.

बांधावे की विकावे?

याचे उत्तर सर्वांना एकच देता येणार नाही, हिशेब मात्र एकाच पद्धतीने करता येतो. इंजिनाचा लिखित अंदाज घ्या. त्यात गिअरबॉक्स, चेसिस, पाटे आणि टायर यांची खरी अवस्था जोडा. चेसिस गंजून गेली असेल तर उत्तम इंजिनही तिला वाचवू शकत नाही. मग फिटनेस, पर्यावरण कर आणि विमा जोडा. १५ वर्षांवरील गाड्यांच्या फिटनेसची फी एप्रिल २०२२ पासून पुष्कळ वाढलेली आहे, ते विसरू नका. या साऱ्याला गाडी अजून जितके महिने चालवायची आहे त्या आकड्याने भागा आणि तो आकडा नव्या गाडीच्या हप्त्याशेजारी ठेवा. ज्यांना व्याजाच्या कर्जात पडायचे नाही, त्यांच्यासाठी तर हा हिशेब अधिकच महत्त्वाचा आहे.

दुसरी बाजूही आम्ही नाकारत नाही. २०२१ मध्ये केंद्राने वाहन स्क्रॅप धोरण जाहीर केले आणि १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ लागू आहे. जुने इंजिन कितीही सुरेख बांधले तरी ते बीएस-६ होणार नाही. बाजारपेठेत, शाळा-दवाखान्यांसमोर दिवसभर धूर सोडत फिरणारी गाडी केवळ मालकाला परवडते म्हणून चालू द्यावी, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु नीट मापाने बांधलेले इंजिन अंदाजाने चालवलेल्या इंजिनापेक्षा कमी धूर सोडते आणि कमी डिझेल पिते, हेही तितकेच खरे. ज्याला आज नवी गाडी घेणे शक्य नाही त्याच्यासमोर खरी निवड नवी की जुनी ही नसून, नीट बांधलेली जुनी की धूर ओकणारी जुनी, ही आहे.

उस्ताद आणि शागीर्द

हा विषय आपल्या समाजाच्या दृष्टीने केवळ गाडीमालकांचा नाही. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने २००६ मध्ये दिलेल्या अहवालात मुस्लिम कामगार ज्या धंद्यांत विशेषत्वाने आढळतात, त्यांत वाहतूक आणि वाहन दुरुस्ती यांची नोंद आहे. शाळा सुटलेला मुलगा गॅरेजात लागतो, उस्तादाच्या हाताखाली पाने उचलतो, आवाजावरून इंजिनाचा रोग ओळखू लागतो. ही विद्या मोठी आहे. परंतु ती कागदावर नाही, आणि कागदावर नसलेल्या विद्येला ना बँक ओळखते, ना नवी पिढी.

कॉमन रेल इंजिने आली, सेन्सर आले, आता रोग लॅपटॉपवर दिसतो. जो मिस्त्री आज जुन्या इंजिनावरही मोजत नाही, तो उद्याच्या इंजिनाजवळ उभा राहू शकणार नाही. उलट ज्याला मायक्रोमीटर धरण्याची, आकडा लिहिण्याची आणि पुस्तक पाहण्याची सवय आहे, त्याला नवे तंत्र शिकायला वेळ लागत नाही. म्हणून जुने इंजिन ही शागीर्दाची शाळा आहे. त्या शाळेत शिस्तही शिकवावी, एवढेच आमचे मागणे आहे.

यासाठी करता येण्याजोग्या गोष्टी पुष्कळ आहेत. प्रत्येक गॅरेजने एक छापील तक्ता ठेवावा. त्यात गाडी नंबर, इंजिन नंबर, चार सिलिंडरची मापे, क्रँकची मापे, बदललेले भाग आणि त्यांची किंमत असावी, खाली दोघांच्या सह्या असाव्यात. जुने पिस्टन-बेअरिंग मालकाला परत दाखवावेत. तालुक्यातील चार-पाच गॅरेजवाल्यांनी मिळून बोअर गेज, मायक्रोमीटरचा संच आणि टॉर्क पाना घ्यावा, एकट्यावर भार पडणार नाही. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क होते, ती करावी. दहावी झालेल्या मुलास आयटीआयचा डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करू द्यावा आणि सुटीत गॅरेजवर घ्यावे. हाताची कला आणि सरकारी प्रमाणपत्र यांत वैर नाही.

मालकांनीही आपली सवय बदलावी. "किती घेशील?" हा एकच प्रश्न विचारून सर्वांत स्वस्त मिस्त्री शोधणारा मालक, माप घेणाऱ्या मिस्त्रीला धंद्यातून घालवतो. माप घ्यायला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे द्यावे लागतात. ते देताना हात आखडणारा पुढच्या घाटात त्याच्या दुप्पट मोजतो.

गाडी मिस्त्रीच्या हवाली करणे म्हणजे आपल्या घराची रोजी त्याच्याकडे अमानत ठेवणे होय. अमानतीचा हिशेब तोंडी नसतो. तेव्हा पुढील वेळी गाडी गॅरेजच्या दारात लावाल, तेव्हा भावाआधी दोन प्रश्न विचारा. इंजिन कोणते आहे, आणि माप किती आले? ज्या गॅरेजात या दोन्हींची उत्तरे लिहून मिळतील तेथे काम द्या, आणि त्याचे नाव चार जणांना सांगा.